सुरीची टॅली लावा!

मी डॉक्टर नाही. दहावी पास आहे. आमचा बाप दहावीला मरेपर्यंत मॅट्रिकच म्हणत राहिला, म्हणून मीही मॅट्रिक म्हणतो. गोदीत कंत्राटावर माल उचलतो नि उरल्या वेळात कविता लिहितो. तेव्हा डॉक्टरकीवर लिहायचा तुला काय अधिकार, असं कुणी शहाणा विचारणारच. त्याला आधीच सांगून ठेवतो : ज्या हॉस्पिटलांत आपली माणसं मरतात त्या हॉस्पिटलांवर लिहायला डिग्री लागत नाही. आणि दुसरं असं की, माझी सख्खी बहीण डॉक्टर आहे. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ह्या शहरातल्या एका सरकारी हॉस्पिटलात सर्जरीची रेसिडेंट. आमच्या घराण्यात मेलेली ढोरं फाडणारे पुष्कळ झाले. जिवंत माणसाचं पोट उघडून ते पुन्हा शिवायला निघालेली ही पहिली.

एका रात्रीचं सांगतो. दुसरी पाळी संपवून घरी आलो तर आईनं डबा हातात ठेवला. म्हणाली, "पोरीनं कालपासनं काय खाल्लं नाय. फोनवर आवाज बसलाय तिचा. जा, दिऊन ये." गेलो तसाच. रात्रीचा एक वाजलेला. वॉचमननं माझ्या कपड्यांकडं बघितलं नि म्हणाला, "ए, सामान मागच्या गेटानं." मी म्हटलं, "सामान नाय, डॉक्टरचा भाऊ आहे." तो हसला. वॉचमन आपल्यातलाच निघाला, नंतर बोलता बोलता कळलं. पण त्याच्याही डोक्यात डॉक्टरच्या भावाचं जे चित्र बसलंय त्यात माझ्यासारखा माणूस नव्हता.

वॉर्डाच्या टोकाला ड्रेसिंगची खोली आहे. तिथं स्टुलावर बसून, भिंतीला डोकं टेकून ती झोपली होती. मांडीवर रक्ताच्या नमुन्यांचा ट्रे, एका हातानं घट्ट धरलेला. उठवली. म्हणाली, "दादा, किती वाजले?" म्हटलं, "एक." म्हणाली, "कुठल्या दिवसाचा?"

काल सकाळी सातला ती वॉर्डात शिरली होती. मी बोटांवर मोजलं. बेचाळीस तास.

गोदीत पाळी आठ तासांची. डबल मारली तर सोळा. त्याच्यावर कुणी उभा राहायला लागला तर आमचा मुकादमच हाकलतो : घरी जा भडव्या, कॉइल पायावर घेशील नि मला पोलीस ठाण्यात बसावं लागेल. मुकादमाला माझी दया येते असं नाही. त्याला अपघाताची भीती आहे. म्हणजे पोलादाची गुंडाळी उचलणाऱ्या माणसाला झोप पाहिजे एवढं आमच्या अडाणी मुकादमाला कळतं, आणि माणसाचं पोट उघडणाऱ्या माणसाला झोप पाहिजे हे ह्या विद्वानांच्या खात्याला कळत नाही.

रेसिडेंट म्हणजे काय हे आपल्या वस्तीत नीट ठाऊक नसतं. आपल्याला वाटतं पोरगी नीट पास झाली, एमबीबीएस झाली, आता पाटी लावली की झालं. तसं नाही. बारावी. मग नीट. मग साडेचार वर्षं कॉलेज, एक वर्ष इंटर्नशिप. मग पुन्हा नीट-पीजी. मग तीन वर्षं रेसिडेन्सी, तेव्हा कुठं सर्जन किंवा फिजिशियन. शिवाय ह्या रस्त्यावर आपल्यासाठी एक जादा नाकं : जात पडताळणी. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा बापजाद्यांचा महाराष्ट्रातला पुरावा आणा. ज्या माणसाला शाळेच्या पायरीवर बसू दिलं नाही त्याचा शाळेचा दाखला आणा! आमच्या बापानं त्यासाठी गावाला किती खेपा घातल्या ते सांगत बसलो तर अंक संपेल.

तर ह्या तीन वर्षांतले हे शिकाऊ डॉक्टर. रात्री अकरानंतर सरकारी हॉस्पिटलात आपल्याला जो डॉक्टर भेटतो, टाके घालतो, सलाईन लावतो, "बाहेर थांबा" म्हणून ओरडतो, तो बहुतेक वेळा हाच असतो. मोठे साहेब सकाळच्या राउंडला येतात. रात्रीचं हॉस्पिटल ह्या पोरापोरींच्या अंगावर चालतं. त्यांना जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, स्टायपेंड म्हणतात. कामाला काम म्हणत नाहीत, ट्रेनिंग म्हणतात. शब्द बदलला की कायदा लागत नाही, ही युक्ती कंत्राटदाराकडनं हे लोक शिकले की ह्यांच्याकडनं कंत्राटदार, कोण जाणे.

आता कायद्याचंच बघू. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली नि कामगाराचे आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. ते विधेयक मांडणारा मजूर खात्याचा सदस्य कोण होता हे ह्या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. बाबासाहेबांचा तो ४८ चा आकडा डॉक्टरांच्याही कागदावर आहे, हे मला बहिणीनं दाखवलं तेव्हा कळलं. ५ जून १९९२ ला केंद्राच्या आरोग्य खात्यानं रेसिडेन्सीची योजना काढली. त्यात लिहिलंय : सलग ड्युटी दिवसाला बारा तासांच्या वर साधारणपणे असू नये, ज्युनिअर रेसिडेंटनं आठवड्याला साधारण ४८ तास काम करावं, आठवड्याची एक सुट्टी पाळीपाळीनं मिळावी. "साधारणपणे" नि "कामाची निकड बघून". ह्या दोन शब्दांच्या भोकातनं तीस वर्षांहून जास्त काळ पोरांचं रक्त गळतंय. २०२३ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगानं नवे नियम केले त्यात आकडाच गायब. "वाजवी तास" नि "वाजवी विश्रांती". वाजवी कुणाच्या हिशेबानं? २०२४ मध्ये आयोगाच्याच कार्यगटानं शिफारस केली की आठवड्याला ७४ तासांच्या वर नको. म्हणजे पोरांचे हाल कमी करायला बसलेल्यांनी ४८ चे ७४ केले, आणि तरी ती सुधारणाच ठरते! कारण माझ्या बहिणीनं एका आठवड्याचे तास वहीत लिहून ठेवले होते, ते भरले १०६.

९ ऑगस्ट २०२४ आठवा. कोलकात्याचं आर. जी. कर हॉस्पिटल. छातीच्या रोगांचं शिकणारी एक पोरगी, ३६ तासांची ड्युटी, रात्री जरा पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली. तिथं तिच्यावर बलात्कार झाला नि तिला ठार मारलं. देशभर डॉक्टर रस्त्यावर आले, यायलाच पाहिजे होते. कॅमेरे लावा, गार्ड वाढवा, कायदा करा. सगळं बरोबर. पण ती सेमिनार हॉलमध्ये का झोपली होती, हा प्रश्न हळूच मागं पडला. घरी जायची वेळ कागदावर असती, नि पाठ टेकायला कुलूप लागणारी एक खोली असती, तर?

हा रोग आला कुठनं? १८८९ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल उघडलं. तिथं विल्यम हॉलस्टेड नावाच्या सर्जननं ही पद्धत बसवली. शिकाऊ डॉक्टरनं हॉस्पिटलातच राहायचं, म्हणून "रेसिडेंट". खाली पुष्कळ, वर जाता जाता गळत जायचे, शेवटी एक. माणूस मोठा कारागीर होता. ऑपरेशनला रबरी हातमोजे घालायची रीत त्याच्याच थिएटरातनं पसरली. पण कोकेननं अंग बधिर होतं का हे स्वतःवर करून बघताना त्याला कोकेनचं व्यसन लागलं. मग मॉर्फिनचं. ते काही सुटलं नाही. आता कोकेनमुळेच हे तास असे झाले असं मी म्हणत नाही, ते कुणी सिद्ध केलेलं नाही. पण ज्या शिस्तीच्या पाया पडायला आपल्याला सांगतात तिचा बाप असा होता, हे ठाऊक असलेलं बरं.

त्याच अमेरिकेत १९८४ साली लिबी झायन नावाची अठरा वर्षांची पोरगी ताप घेऊन न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात गेली नि काही तासांत मेली. तिला बघणारे शिकाऊ डॉक्टर तासन्‌तास ड्युटीवर होते. तिचा बाप पत्रकार नि वकील. त्यानं रान उठवलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं आठवड्याला ८० तासांची हद्द घातली, २००३ पासनं सगळ्या अमेरिकेत ८०. बाप पत्रकार असला की पोरीच्या मरणाचा नियम होतो. आपल्याकडं बाप बिगारी असतो. त्याला सही कुठं करायची ते दाखवतात नि बॉडी देतात.

पण दोस्तांनो, तास ही अर्धीच गोष्ट. अर्धी म्हणतो, कारण तासांवर खुल्या जागेवरचा डॉक्टरही माझ्याशी हो म्हणेल. खरी भानगड त्या तासांच्या आत आहे. बेचाळीस तास सगळे राबले, पण त्या बेचाळीस तासांत कुणाच्या हाताला काय आलं?

बहिणीला विचारलं. तिच्या हाताला आलं : रक्त काढणं, रिपोर्टासाठी लॅबकडं पळणं, फॉर्म भरणं, वॉर्डबॉय नाही म्हणून ट्रॉली ढकलणं, सीनिअरसाठी खाली जाऊन वडापाव आणणं. आणि थिएटरात चार तास रिट्रॅक्टर धरून उभं राहणं. रिट्रॅक्टर म्हणजे पोट उघडल्यावर कडा मागं ओढून धरायचा वाकडा लोखंडी पट्टा. आमच्या हुकाचा साहेबी भाऊ. तो धरणाऱ्याला आत काय चाललंय ते धड दिसतही नाही. खांदा भरून येतो फक्त. त्याच रात्री तिच्याच बॅचच्या दुसऱ्या पोरानं अपेंडिक्स काढलं. आपल्या हातानं. शेजारी लेक्चरर उभे, "हां, इथं कट घे, शाब्बास" म्हणत.

सर्जरी पुस्तकातनं येत नाही. ती हातातनं हातात येते. आधी बघायचं, मग कुणाच्या देखरेखीत करायचं, मग आपण दुसऱ्याला शिकवायचं. इथं परीक्षा नाही, गुणपत्रिका नाही, राखीव जागा नाही. सीनिअरच्या मनात आलं तर तो सुरी तुझ्या हातात देणार. आरक्षणानं आपल्याला गेटाच्या आत आणलं. आतली सुरी मात्र मर्जीवर आहे. आणि मर्जी म्हणजे काय हे आपल्याला दोन हजार वर्षांपासनं माहीत आहे.

हे मला लगेच कळलं, कारण माझ्यावर हेच झालंय. चार वर्षं मी स्लिंगच लावली. क्रेनवर बसायला शिकायचं होतं. मुकादम आपल्या गावच्या पोरांना जेवणाच्या सुट्टीत वर बसवायचा, दांडा कसा ओढायचा ते शिकवायचा. मी विचारलं की म्हणायचा, "बघू की." कधी नाही म्हणाला नाही बघा. नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं. "बघू की" शी कसं भांडणार? बहिणीच्या हॉस्पिटलात ह्याच "बघू की" ला "नेक्स्ट टाइम" म्हणतात.

एकदा तिनं थिएटरात धीर करून विचारलं, "सर, आज क्लोजर मी करू?" क्लोजर म्हणजे शेवटी कातडी शिवायची, सगळ्यात सोपं काम. सर काही बोलले नाहीत. सीनिअर बोलला : "तुझी रँक किती होती गं?" सगळे मास्कच्या आत हसले. मास्कची ही एक सोय आहे, कोण कोण हसलं ते कळत नाही.

रँक! मेरिट! ह्या शब्दांनी आपली पोरं लगेच मान खाली घालतात म्हणून हे पाठ करून ठेवा. २०२३ च्या सप्टेंबरात नीट-पीजीच्या प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली. सगळ्या वर्गांसाठी, खुल्यासकट. का, तर जागा रिकाम्या राहत होत्या. परीक्षेला बसला एवढीच पात्रता. तेव्हा मेरिटवाले झोपले होते काय? १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं महाराष्ट्रात खाजगी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, तेव्हापासनं बापाच्या पैशावर किती डॉक्टर झाले? त्यांना थिएटरात कुणी विचारतं का, तुझ्या बापानं किती भरले? आणि २००६ मध्ये ओबीसींच्या राखीव जागांविरुद्ध मेडिकलची पोरं रस्त्यावर आली तेव्हा निषेध म्हणून काय केलं? झाडू मारले, बूट पॉलिश केले. त्यांना दाखवायचं होतं की बघा, आमच्यावर काय पाळी आली! जे काम आपल्या बापांनी जन्मभर केलं ते त्यांच्या नाटकातला शेवटचा अपमान होता. त्यानंतर एम्समधल्या जातिभेदाची चौकशी करायला सुखदेव थोरात समिती नेमली, तिचा अहवाल २००७ साली आला. शिक्षकांचं टाळणं, तोंडी परीक्षेतली नि प्रॅक्टिकलची वागणूक, हॉस्टेलात वेगळं पडणं, सगळं त्यात लिहिलेलं आहे. लेखी पेपरावर नाव नसतं. तोंडी परीक्षेला तोंड दिसतं.

डॉ. पायल तडवीचं नाव इथं घ्यावंच लागेल. जळगाव जिल्ह्यातली तडवी भिल्ल पोरगी, नायर हॉस्पिटलात स्त्रीरोग विभागाच्या पीजीला, दुसऱ्या वर्षी. २२ मे २०१९ ला हॉस्टेलात तिनं जीव दिला. तीन सीनिअर डॉक्टरांवर जातीवरून छळल्याचा नि आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला, अटक झाली, आरोपपत्र झालं. कोर्टाचं कोर्ट बघेल, मी इथं न्यायाधीश नाही. पण घरच्यांच्या आरोपातलं एक वाक्य लोक वाचून विसरले : तिला डिलिव्हरी करू देत नव्हते, ऑपरेशनला उभं राहू देत नव्हते. शिव्या, टोमणे सगळ्यांनी छापले. हे कुणी नीट छापलं नाही, कारण बाहेरच्या माणसाला ह्यात छळ काय आहे तेच कळत नाही. शिकायला आलेल्या माणसाला शिकू न देणं ह्याच्याहून मोठा छळ कुठला? ऑक्टोबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या तिघींना शिक्षण पुरं करायला कॉलेजात परत जाऊ दिलं. शिक्षण अर्धवट राहू नये, खरं आहे. पायलचं राहिलं.

हत्यार नि हात ह्यांच्यामध्ये जात उभी राहते, ही गोष्ट आजची नाही. १९२९ च्या डिसेंबरात "यंग इंडिया"त काठेवाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तराचं पत्र छापून आलं. बाबासाहेबांनी ते आपल्या "वेटिंग फॉर अ व्हिसा" ह्या आठवणींत नोंदवून ठेवलंय. मास्तराची बायको बाळंत झाली नि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नाही. गावच्या शेटानं मध्ये पडून फीची हमी घेतली, तेव्हा एका अटीवर आला : बाळंतिणीला वस्तीच्या बाहेर आणा. दोन दिवसांच्या पोराच्या आईला बाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, मुसलमानानं मास्तराच्या, मास्तरानं बायकोच्या. परत त्याच रस्त्यानं डॉक्टरकडं. त्यानं दिव्याशी धरून बघितला नि लांबनंच सांगितलं, न्यूमोनिया. पुन्हा आला नाही. बाई मेली. त्याच्याही आधी, १८५५ साली, जोतिबांच्या शाळेतली मुक्ता साळवे नावाची मांगाची पोर "ज्ञानोदया"त महारामांगांच्या दुःखावर निबंध लिहिते, आणि त्यात आमच्या बायका उघड्यावर बाळंत होतात, आजारी पडल्या तर वैद्याला पैसा कुठला, हे विचारते. चौदा-पंधरा वर्षांची पोर! तेव्हा डॉक्टर आपल्याला हात लावत नव्हता. आज आपण डॉक्टर झालो तर सुरीला हात लावू देत नाहीत. तो थर्मामीटर अजून हातोहात लांबनंच फिरतोय.

आणि गंमत बघा. जिथं कुणाला सुरी धरायची नसते तिथं ती बिनबोभाट आपल्या हातात देतात. मुडदेघरात जा. प्रेत फाडतो कोण, कवटी उघडतो कोण, परत शिवतो कोण? बहुतेक ठिकाणी चतुर्थश्रेणीचा माणूस. डॉक्टर शेजारी उभा राहून लिहितो. आमच्या चाळीत असा एक काका होता. कुठली नस कुठनं जाते हे त्याला जेवताना ताटात बोटानं काढून दाखवता यायचं. त्याला कुणी रँक विचारली नाही.

त्याच जॉन्स हॉपकिन्सात, जिथनं ही रेसिडेन्सी निघाली, तिथंही एक असाच काका होऊन गेला. विव्हियन थॉमस. काळा माणूस, सुतारकाम शिकलेला. डॉक्टर व्हायचं म्हणून साठवलेले पैसे मंदीत बँक बुडाली त्यात गेले. आल्फ्रेड ब्लेलॉक नावाच्या सर्जनच्या प्रयोगशाळेत लागला, हुद्दा झाडूवाल्याचा. जन्मतः हृदयात दोष असलेली, निळी पडणारी पोरं वाचवायचं ऑपरेशन त्यानं कुत्र्यांवर करून करून हातात बसवलं. २९ नोव्हेंबर १९४४ ला ते पहिल्यांदा एका बाळावर झालं. सुरी ब्लेलॉकच्या हातात. थॉमस त्याच्या खांद्यामागं स्टुलावर उभा, टाका कसा घ्यायचा ते सांगत. पुढं त्या हॉस्पिटलातल्या किती सर्जननी त्याच्याकडनं हात शिकून घेतला. १९७६ साली मानद डॉक्टरेट दिली, तोवर हयात गेली.

आता आपल्या घरातलं बोलू, नाहीतर म्हणाल हा दुसऱ्यांनाच शिव्या देतो. आपली पोरगी नीट पास झाली की नाक्यावर बॅनर लागतो. फोटो, वर बाबासाहेब, खाली दहा भाऊंचे फोटो तिच्याहून मोठे. माझ्याही बहिणीचा लागला होता. त्यानंतर तिनं साडेपाच वर्षं काय खाल्लं, आता तीन वर्षं कशी काढतेय, कोण विचारायला गेलं? एक नाही. पहिल्या वर्षी सहाव्या महिन्यात तिनं मला सांगितलं, "दादा, सोडते." सीट सोडायची तर बॉण्डाचे लाखो रुपये दंड. आमच्याकडं भाड्याला नसतात. मी तिला धीर दिला नाही, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "सोडून करशील काय?" भाऊ म्हणून हे माझं बोलणं. ती रडली नि परत गेली, कारण सहाला राउंड होता. आणि आपले जे आधी पुढं गेलेले डॉक्टर आहेत, आडनाव बदललेले, त्यांच्याकडंही ती गेली होती. एक म्हणाले, "बेटा, जास्त बोलू नको, तीन वर्षं काढ, मग आपण राजे." त्यांनीही तशीच काढली होती. त्यांच्या हातात सुरी नीट बसली का, हे विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं म्हणे.

आणि हा प्रश्न नुसता तिच्या अपमानाचा नाही. सरकारी सीटवर शिकलं की वर्षभराची सक्तीची सेवा असते. उद्या तिला तालुक्याच्या हॉस्पिटलात टाकतील. रात्री दोन वाजता कुणी फुटलेलं अपेंडिक्स घेऊन येईल. येणारा कोण असेल? मोटार असलेला शहराकडं पळेल. टेबलावर पडेल तो ऊसतोड्या, वीटभट्टीवाला, आपला. आणि त्याच्यासमोर उभी असेल तीन वर्षं रिट्रॅक्टर धरलेली माझी बहीण. तो मेला तर पेपरात काय येईल? कोट्यातली डॉक्टर. ज्यांनी तिला शिकू दिलं नाही त्यांचं नाव येणार नाही. एका दगडात आपले दोन मारतात हे लोक, पेशंटही आपला नि डॉक्टरही आपला.

मग करायचं काय? माझ्याकडं मोठा जाहीरनामा नाही. मला गोदीतली एकच गोष्ट ठाऊक आहे : टॅली. जहाजावरनं प्रत्येक स्लिंग उतरली की टॅली क्लार्क रेघ मारतो. चार उभ्या, पाचवी आडवी. जहाजाची टॅली वेगळी, धक्क्याची वेगळी. दोन्ही जुळल्या नाहीत तर तिथंच भांडण, कुणाच्या शब्दावर काम चालत नाही. रेसिडेंटलाही लॉगबुक असतं. कुठली केस बघितली, कुठल्या केसला असिस्ट केलं, कुठली स्वतः केली. आता तर ते कॉम्प्युटरवरही ठेवायचं असतं. पण त्यावर सही कुणाची? जो सुरी देत नाही त्याचीच! मग पास व्हायचं म्हणून पोरं न केलेल्या केसेसही "केल्या" म्हणून भरतात, आणि साहेब डोळे मिटून सही करतात. बहिणीनंही भरल्यात. तिनंच सांगितलं, मान वर न करता. चोराच्या वहीत चोराचीच सही.

ही टॅली भिंतीवर लावा. प्रत्येक युनिटच्या दारावर, हजेरीसारखी. ह्या महिन्यात ह्या युनिटात इतकी अपेंडिक्सं, इतके हर्निया, इतकी सिझर. कुठल्या रेसिडेंटनं किती केली, किती नुसती धरून उभा राहिला. थिएटरच्या रजिस्टरात प्रत्येक ऑपरेशनची नोंद असतेच; ती धक्क्याची टॅली समजा नि लॉगबुकाशी लावून बघा. सहा महिन्यांनी वर्गवारी काढा : राखीव जागेवरच्यांच्या हाताला किती, खुल्यावरच्यांच्या किती, मॅनेजमेंटवाल्यांच्या किती. सारखं निघालं तर मी ह्याच अंकात माफी मागीन, मोठ्या टायपात. आणि रेसिडेंटांच्या संघटना संप करतात, स्टायपेंडासाठी, गार्डासाठी, तासांसाठी. त्यांच्या मागण्यांच्या कागदावर ही एक ओळ घाला, मग आम्ही गोदीवाले तुमच्या मंडपात येऊन बसतो. ४८ तासांसाठीही बसू. तो आकडा आमच्या घरचाच आहे.

बहिणीनं गेल्या महिन्यात असा अर्ज विभागात दिला. साधा, चार ओळींचा. उत्तर नाही. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या उशाखाली एक दोनशे पानी वही असते, तिच्यात ती खरी टॅली ठेवते. परवा बघितली मी. रिट्रॅक्टरच्या पानावर रेघाच रेघा, पान भरून मागच्या बाजूला गेलेल्या. "स्वतः केलं" ह्या पानावर चार उभ्या रेघा आहेत. पाचवी आडवी अजून मारायची आहे.

हा अंक हॉस्टेलांवर जाईल अशी व्यवस्था करतोय. ज्यांच्या हाती पडेल त्यांनी शेवटचं पान कोरं सोडलंय ते फाडून घ्यावं. त्यावर विभाग लिहा, कितवं वर्ष ते लिहा, सीट कुठल्या वर्गातली ते लिहा. मग दोनच आकडे : किती केसेसना उभे राहिलात नि किती हातानं केल्या. नाव लिहू नका, हॉस्पिटलाचंही नको. ज्यानं हा अंक आणून दिला त्याच्याकडंच घडी करून परत द्या.